झीन वाचकापर्यंत पोहोचतं कसं?

मुंबईत २०१७ साली 'बॉम्बे झीन फेस्ट' भरला आणि 'झीन' हा शब्द इकडे थोडाफार कानावर पडू लागला. आता चित्रकलेच्या कॉलेजांत, पुस्तकांच्या छोट्या प्रदर्शनांत अशी टेबलं अधूनमधून दिसतात. टेबलावर स्टेपल मारलेल्या किंवा सुईदोऱ्याने शिवलेल्या बारक्या पुस्तिका मांडलेल्या असतात. कुठली आठ पानांची, कुठली चाळीस. एकीत आजीच्या गोधड्यांची चित्रं, दुसरीत लोकलच्या बायकांच्या डब्यात कानावर आलेली वाक्यं, तिसरीत फक्त गल्लीतल्या कुत्र्यांचे चेहरे. प्रकाशकाचं नाव नाही, बारकोड नाही, पुढचा अंक कधी येणार याचा पत्ता नाही.

पाहणाऱ्याला दोन प्रश्न पडतात. हे पुस्तक आहे, मासिक आहे की पत्रक? आणि पन्नासच प्रती काढल्या तर वाचणार कोण? पहिल्याचं उत्तर पटकन देता येतं. दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर शोधत गेलं की आपण अमेरिकेतल्या एका माणसाच्या टपालपेटीपाशी येऊन थांबतो.

## शाळेतलं हस्तलिखित आठवा

एका माणसाने किंवा दोन-चार मित्रांनी स्वतः लिहून, स्वतः रचून, स्वतः छापून थोड्या प्रतींत वाटलेली पुस्तिका म्हणजे झीन. शब्द 'मॅगझीन'च्या शेपटाकडून आलेला आहे. १९४० साली लुई रसेल शोव्हने या अमेरिकन विज्ञानकथाप्रेमीने 'फॅनझीन' हा शब्द वापरला. फॅन मंडळींनी काढलेलं मॅगझीन ते फॅनझीन. पुढे विषय वाढत गेले, 'फॅन' गळून पडला आणि 'झीन' उरलं.

शाळेत किंवा गणेशोत्सव मंडळात हस्तलिखित काढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. ज्याचं अक्षर चांगलं त्याने मजकूर उतरवायचा, चित्रकलेत हात असलेल्याने मुखपृष्ठ करायचं, कोणीतरी खळ लावून पानं जोडायची. त्या हस्तलिखिताची प्रत मात्र एकच असे आणि मजकुरावर सरांची नजर फिरलेली असे. त्याच्या पन्नास प्रती काढा, सरांची नजर काढून टाका, की झीन झालं.

सुरुवातीची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक यांनी अमेरिकेत विज्ञानकथांचं मासिक सुरू केलं. त्यात वाचकांची पत्रं छापून येत आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता असे. वाचकांनी ते पत्ते पाहून एकमेकांना लिहायला सुरुवात केली. संपादकाला मध्ये न घेता पत्रव्यवहार वाढला, मंडळं निघाली आणि १९३० साली शिकागोच्या अशाच एका मंडळाने 'द कॉमेट' काढलं. पहिलं फॅनझीन म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. म्हणजे या सगळ्याच्या मुळाशी छापलेला पत्ता आहे.

## खरवस, रांगोळी आणि झेरॉक्स

छापखान्यात ऑफसेटवर छापायचं तर आधी प्लेट बनवावी लागते. तो खर्च शंभर प्रतींना लागतो आणि दहा हजारांनाही तेवढाच. त्यामुळे थोड्या प्रती काढणाऱ्याला छापखाना परवडत नाही. झीनवाल्यांनी म्हणूनच नेहमी शाळांतली, कचेऱ्यांतली, संस्थांतली छोटी यंत्रं हाताशी धरली.

सगळ्यात जुना मार्ग हेक्टोग्राफचा. थाळीत खरवसासारखा जिलेटिनचा थर जमवायचा, त्यावर जांभळ्या शाईने लिहिलेला कागद उपडा दाबायचा. शाई थरात उतरते, मग कोरे कागद एकेक करून त्यावर दाबायचे. पाचपन्नास प्रतींनंतर अक्षर फिकं होत जातं.

मग आलं सायक्लोस्टाइल. दारात रांगोळी घालायचा पत्र्याचा छापा असतो ना, ज्याच्या भोकांतून रांगोळी खाली पडते आणि नक्षी उमटते, तेच तत्त्व. टाइपरायटरची रिबन काढून मेण लावलेल्या कागदावर टाइप केलं की अक्षराच्या जागी मेण कापलं जातं. याला स्टेन्सिल कापणं म्हणत. ते स्टेन्सिल शाईच्या रुळावर चढवून हँडल फिरवलं की शाई कापलेल्या जागेतूनच कागदावर येते. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांनी परीक्षेच्या अशा प्रश्नपत्रिका हाताळलेल्या असतील, तो शाईचा वासही आठवत असेल.

१९५९ साली झेरॉक्स कंपनीचं ९१४ हे यंत्र आलं. मराठीत आपण आजही फोटोकॉपीला 'झेरॉक्स'च म्हणतो. या यंत्राने मोठा फरक पडला, कारण आता टाइप करायचीही गरज नव्हती. वर्तमानपत्रातून कापलेलं अक्षर, फोटो, हाताने लिहिलेली ओळ, सगळं एका पानावर चिकटवायचं आणि काचेवर ठेवायचं. झीनचं जे ओबडधोबड, कापाकापीचं रूप आपण ओळखतो ते इथून आलं. १९७६ साली लंडनमध्ये मार्क पेरी या तरुणाने पंक या धसमुसळ्या रॉक संगीतावरचं 'स्निफिन ग्लू' काढलं. पहिल्या अंकाच्या प्रती पन्नासच्या आसपास होत्या, वर्षभरात त्या हजारोंवर गेल्या. पंकवाल्यांचं म्हणणं होतं की गिटारचे तीन सूर येत असतील तर बँड काढा. झीनने तेच छपाईत करून दाखवलं.

आज प्रदर्शनांत रिसोग्राफवर छापलेली रंगीत झीन दिसतात. हे जपानी यंत्र ऐंशीच्या दशकातलं. दिसतं झेरॉक्ससारखं, पण आत काम सायक्लोस्टाइलचंच चालतं. साध्या यंत्रावर रंग एका वेळी एकच छापता येतो, दुसऱ्यासाठी ड्रम बदलून तोच कागद पुन्हा घालावा लागतो. त्यात केसभर इकडेतिकडे होतं आणि रंगाची कड थोडी सरकते. मला ती सरकलेली कड आवडते. हे पान कोणीतरी दोनदा हातात घेतलंय, हे तिच्यावरून कळतं.

## पानांचं गणित

घरी करून पाहायचं असेल तर एवढं पुरे. ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात. चार कागद एकात एक घातले की सोळा पानांची पुस्तिका. फक्त पानं क्रमाने लिहून चालत नाही. सगळ्यात बाहेरच्या कागदावर डावीकडे १६ आणि उजवीकडे १ येतं, त्याच्या मागे २ आणि १५. शेजारच्या दोन पानांची बेरीज नेहमी १७ येते का ते पाहायचं. आली नाही तर काहीतरी चुकलंय.

खर्च? झेरॉक्सच्या एका बाजूला दोन रुपये धरू. चार कागदांच्या आठ बाजू, म्हणजे एका प्रतीला सोळा रुपये. पन्नास प्रतींचे आठशे. एखाद्या विद्यार्थ्यालाही महिनाभर हात आखडता घेऊन उभे करता येतील, इतकेच. झीन काढणारा कोणाकडे जाहिरात मागायला जात नाही, यामागे हे साधं गणित आहे.

## 'भूमिगत' म्हणजे कोणापासून लपलेलं?

झीनसोबत 'अंडरग्राउंड' हा शब्द येतो आणि मराठी वाचकाचा इथे गोंधळ होणं साहजिक आहे. 'भूमिगत' म्हटलं की आपल्याला बेचाळीसचा लढा आठवतो, उषा मेहतांचं गुप्त रेडिओ केंद्र आठवतं, आणीबाणीत रात्री दारातून सरकवलेली पत्रकं आठवतात. तिथे लपणं सरकारपासून होतं आणि सापडलं तर तुरुंग होता.

सोव्हिएत रशियातलं 'समिझदात' याच जातीचं. शब्दाचा अर्थ स्वतः प्रकाशित केलेलं. तिथे छपाईची यंत्रं सरकारच्या ताब्यात, म्हणून पातळ कागदांमध्ये कार्बन घालून टाइप करायचं. ज्याच्या हाती प्रत पडेल त्याने वाचून पुन्हा टाइप करायची आणि पुढे द्यायची. १९६८ साली मॉस्कोत सुरू झालेलं 'घडामोडींचं वृत्त' अशा रीतीने पंधरा वर्षांच्या आसपास चाललं. अटका, खटले, तुरुंगातल्या कैद्यांची अवस्था यांची त्यात कोरडी, नेमकी नोंद असे. त्याच्या पहिल्या संपादक नताल्या गोर्बानेव्स्काया यांना १९६९ साली अटक झाली.

झीनच्या संदर्भात 'अंडरग्राउंड' म्हणताना बहुतेक वेळा असा जीवघेणा धोका नसतो. इथली माणसं बाजाराच्या रस्त्यावरून न जाता बाजूच्या पायवाटेने जातात, एवढाच त्याचा अर्थ. गॅलरी घेणार नाही असं चित्र, रेकॉर्ड कंपनी ऐकणार नाही असं गाणं, मासिकाचा संपादक साभार परत करेल अशी कविता. दोन्ही गोष्टींना एकच शब्द वापरला जात असला तरी गोर्बानेव्स्कायांची जोखीम झेरॉक्सच्या दुकानात उभ्या असलेल्या आपल्यासारख्यांच्या नावावर टाकणं बरोबर नाही, असं माझं मत आहे.

## आपल्याकडे हे आधीच झालेलं नाही का?

झालेलं आहे, आणि आपण त्याला दिलेला शब्द जास्त प्रामाणिक आहे: अनियतकालिक. काल नियत नाही, म्हणजे पुढचा अंक अमुक तारखेला येईल असं वचनच नाही. १९५०च्या दशकात मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि मित्रांनी 'शब्द' सायक्लोस्टाइलवर काढलं. साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं 'असो', तेव्हाच्या औरंगाबादहून भालचंद्र नेमाड्यांचं 'वाचा', राजा ढाले यांचं 'येरू' अशी रांग लागली. प्रतिष्ठित मासिकांत जागा कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा यातला कळीचा प्रश्न होता. त्या दशकाच्या अखेरीस ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथा'चा अंक जाळला तो याच भांडणात. दलित साहित्याचा आवाज मोठा होण्याआधी यांतली काही पानं त्याच्या कामी आली होती.

महाराष्ट्राबाहेरही हे चालू होतं. अलाहाबादला अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि त्यांचे मित्र १९६५च्या सुमारास सायक्लोस्टाइलवर इंग्रजी कवितांचं पत्र काढत होते. बडोद्याला गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर या चित्रकारांनी १९६९ ते १९७३ या काळात 'वृश्चिक' चालवलं.

मग झीन आणि अनियतकालिक एकच का? भाऊबंद आहेत, एकच नाहीत. आपली अनियतकालिकं मुख्यतः साहित्याची होती आणि त्यांना साहित्याशी भांडायचं होतं. झीन साहित्याकडे पाहीलच असं नाही. ते सायकल दुरुस्तीवर असेल, मासिक पाळीवर असेल, एका बसमार्गावर असेल. १९९१च्या सुमारास अमेरिकेच्या ऑलिम्पिया आणि वॉशिंग्टन शहरांतून 'रायट गर्ल' ही पंक गाणाऱ्या मुलींची चळवळ उभी राहिली. घरातला मार, बलात्कार, स्वतःच्या शरीराची लाज, जे वर्तमानपत्रात येत नव्हतं आणि घरी बोलता येत नव्हतं, ते त्या मुलींनी झेरॉक्सच्या पानांवर लिहिलं. पान उलटलं की मागे पत्ता. दुसऱ्या गावची मुलगी त्या पत्त्यावर लिहायची: माझंही असंच झालं.

## पत्ते छापणारं मासिक

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. समजा देशभर पन्नास माणसं पन्नास झीन काढत आहेत आणि कोणालाच दुसऱ्याची खबर नाही. प्रत्येकाने प्रत्येकाला शोधून काढायचं तर १,२२५ जोड्या जुळाव्या लागतील. पण मध्ये एकच पत्ता असा असेल की जिथे सगळ्यांनी आपली प्रत पाठवायची, तर पन्नास पाकिटांत काम होतं. तालुक्याच्या एसटी स्टँडसारखं. प्रत्येक वाडीहून प्रत्येक वाडीला गाडी सोडता येत नाही, पण स्टँडवर उतरलं की कुठलीही गाडी मिळते.

हा स्टँड माइक गंडरलॉय यांनी उभा केला. १९८२ साली ते कॅलिफोर्नियात राहत होते. आपल्याला आवडलेल्या झीनविषयी मित्रांना पत्रांतून तेच तेच लिहावं लागतं, म्हणून त्यांनी एक पत्रक काढलं आणि सगळ्यांना पाठवलं. नाव ठेवलं 'फॅक्टशीट फाइव्ह'. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांनाही प्रत गेली. त्यांनी आणखी झीन पाठवली. पुढे गंडरलॉय न्यूयॉर्क राज्यात राहायला गेले आणि पत्रकाचं जाडजूड मासिक झालं. शेवटी शेवटी एकेका अंकात हजाराहून जास्त झीनची परीक्षणं असत.

परीक्षण कसलं, चारपाच ओळी. झीनमध्ये काय आहे, किती पानं, किंमत किती, आणि पत्ता. अराजकवाद्यांची, मधमाश्या पाळणाऱ्यांची, कवींची, कैद्यांची, भयपटांच्या वेड्यांची झीन शेजारी शेजारी. येईल त्या प्रत्येकाविषयी काहीतरी छापायचं, हा गंडरलॉय यांचा नेम होता. मला ही या मासिकातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. वरचढ कोण हे ठरवायला तो अंक बसलेलाच नव्हता. कोण कुठे आहे, हे त्याला सांगायचं होतं.

किमतीच्या जागी पुष्कळदा लिहिलेलं असे 'नेहमीचं'. झीनच्या जगात त्याचा अर्थ ठरलेला होता: पैसे नकोत, वाचून पत्र लिहा, किंवा तुमचं झीन बदल्यात पाठवा, किंवा पुढच्या अंकाला काही मजकूर द्या. आपल्याकडे शेजारणीकडून आलेलं फराळाचं ताट रिकामं परत करत नाहीत, तसंच.

या कामाचं ओझंही समजून घ्यायला हवं. रोज पोत्याने येणारं टपाल फोडायचं, वाचायचं, चार ओळी लिहायच्या, पत्ता चूक न करता उतरवायचा. ४४ अंकांनंतर, १९९१ साली गंडरलॉय यांनी थांबायचं ठरवलं. दुसऱ्या एकाने एक अंक काढला. मग सॅन फ्रान्सिस्कोत आर. सेथ फ्रीडमन यांनी १९९२ ते १९९८ ते चालवलं आणि तेही थांबले. त्याच जातीचं 'ब्रोकन पेन्सिल' १९९५ साली टोरांटोत निघालं, त्याने झीनची परीक्षणं छापली आणि झीनची जत्राही भरवली.

## संपादकच नाही, मग दर्जाचं काय?

ही शंका रास्त आहे. बरीच झीन वाचवत नाहीत. शुद्धलेखन गडगडलेलं, विचार अर्धवट, दुसऱ्या अंकाआधीच उत्साह संपलेला. पण मोठी मासिकं चाळणी आधी लावतात आणि उरलेलं छापतात. इथे आधी छापलं जातं आणि चाळणी वाचक लावतो. पहिल्या रीतीत वाईट कमी येतं, पण अनोळखी आवाजही चाळणीवरच अडकतात. कोलटकर-चित्र्यांना स्वतःचं सायक्लोस्टाइल करावंसं वाटलं ते उगाच नाही.

याहून कठीण प्रश्न द्वेषाचा आहे. ज्या यंत्रावर कविता छापता येते त्यावर विखारी पत्रकही छापता येतं, आणि छापलं गेलंही आहे. पन्नास प्रती आहेत म्हणून कोणाची बदनामी माफ होत नाही. बदनामीचा आणि स्वामित्वहक्काचा कायदा सगळ्यांना सारखा आहे. नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा २०२३ साली झाला आणि मार्च २०२४ पासून लागू आहे. त्यातली नियतकालिकाची व्याख्या ठरावीक काळाने निघणाऱ्या, बातम्या किंवा बातम्यांवरचं भाष्य देणाऱ्या प्रकाशनाची आहे. एकदाच काढलेली चित्रांची पुस्तिका आणि दर महिन्याला गावच्या बातम्या देणारं पत्र यांत म्हणून फरक करायला हवा.

## मोबाइल असताना कागद कशाला?

मोबाइलवर लिहिलं तर हजार लोक पाहतील, झीन पन्नासच. मग? पहिली गोष्ट, तिथे कोणाला काय दिसावं हे कंपनी ठरवते. झीन ज्याच्या हातात दिलं त्याला दिसतंच. दुसरी, जागा आपली नसते. १९९०च्या दशकात लाखो लोकांनी इंटरनेटवरच्या 'जिओसिटीज' या सेवेवर आपापली पानं केली होती. कंपनीने २००९ साली अमेरिकेतली ती सेवा बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढं उतरवून ठेवलं, बाकी गेलं. त्याच काळातली झेरॉक्सची झीन आजही उघडून वाचता येतात.

तिसरी गोष्ट मला स्वतःला जास्त भावते. कागदावर चूक तशीच राहते. ती गुपचूप बदलता येत नाही, म्हणून लिहिणारा छापायच्या आधी थांबतो.

## मग जपायची कोणी?

गंडरलॉय यांच्याकडे जमलेली सुमारे १०,००० झीन आल्बनीच्या न्यूयॉर्क स्टेट लायब्ररीत गेली. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात २००३ पासून झीनचा संग्रह होतो, विशेषतः बायकांनी काढलेल्या. २०२३ साली ब्रुकलिन म्युझियमने कलावंतांच्या झीनचं मोठं प्रदर्शन भरवलं.

आपल्याकडे १९५४च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन ठिकाणी पाठवावी लागते. पन्नास प्रतींचा माणूस हे करत नाही, त्यामुळे असे अंक ग्रंथालयाच्या यादीत सहसा चढतच नाहीत. १९७२ साली संदीप दत्त या तरुणाला त्याच राष्ट्रीय ग्रंथालयात लिटल मॅगझिनांचा, म्हणजे बंगालीतल्या अशाच छोट्या अनियतकालिकांचा, ढीग टाकून द्यायला काढलेला दिसला. ते त्यांच्या मनाला लागलं. पुढे शाळेत शिकवत असताना, १९७८ साली त्यांनी कॉलेज स्ट्रीटजवळच्या टेमर लेनमधल्या आपल्या घरातच लिटल मॅगझिन ग्रंथालय सुरू केलं आणि २०२३ साली जाईपर्यंत ते सांभाळलं. बंगालीतल्या हजारो अंकांना त्या घरात जागा मिळाली.

मराठीतले असे अंक बरेचदा कोणाच्या तरी माळ्यावर, लग्नपत्रिकांच्या आणि जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात आहेत. इमारत पुनर्विकासाला जाते, घर रिकामं करायची घाई असते आणि गठ्ठा रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतो. तुमच्याकडे असा गठ्ठा निघाला तर सुतळी सोडा आणि पातळ, स्टेपल गंजलेला अंक दिसला तर त्याचं शेवटचं पान पाहा. कोणी काढला, कुठल्या खोलीतून, कुठल्या साली, हे तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.